पांढरीवरचा डाव

अंकाच्या संपादकांचं म्हणणं असं की, हल्ली सगळं यंत्रावर होतं, काम झपाट्यानं उरकतं, तर तुमच्या काळी कसं चालायचं त्यावर काहीतरी लिहा. त्यांना बहुधा गमतीदार काही हवं असावं. गंमत माझ्याकडे आहे, पण ती शेवटपर्यंत गंमत राहत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व शिकवत असे. निवृत्त झालो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. राजापेठेतल्या माझ्या खोलीत टेबलावर हाडाचा एक फासा पडलेला असतो. लांबट, करंगळीएवढा, चारी अंगांवर बारीक वर्तुळं कोरलेली. येणारा-जाणारा तो उचलतो, एकदा तरी टाकून पाहतो आणि विचारतो, किती जुना आहे हो? मी म्हणतो, माहीत नाही. पुरातत्त्वाच्या प्राध्यापकानं असं म्हणावं याचं लोकांना नवल वाटतं. काहींना तर मी म्हातारा झालो म्हणून विसरलो असंच वाटतं.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. पंचवार्षिक योजनांचे दिवस होते. कापसाचं उत्पादन, विजेचं उत्पादन, जिकडेतिकडे तोच शब्द. आमच्या विभागप्रमुखांनी तो कॉलेजात आणला. ते पुण्याकडचे, बोलणं मोठं गोड. स्टाफरूममध्ये कॅरम चाललेला असे, तिथे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय, यंदाचं उत्पादन किती?" म्हणजे लेख किती छापून आले. इंग्रजीचे प्राध्यापक दर सहामाहीला एक लेख काढत. मी सोंगटीवर नेम धरायचो.

आमच्या धंद्याला ते गणित लागू पडत नाही, हे मी त्यांना कधी पटवू शकलो नाही. खोदायला एक हंगाम पुरतो. खोदलेलं समजून घ्यायला पाच-सात वर्षं जातात. टोपल्या भरभरून खापरं निघतात. ती धुवायची, वाळवायची, एकेकावर शाईनं थर लिहायचा, जोडून पाहायची. थर म्हणजे काय, तर पोळ्यांची चळत डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांत खालची पोळी आधी केलेली, वरची शेवटी. चळत जागेवर आहे तोवर कोणती आधीची, कोणती नंतरची ते सांगता येतं. मधली एक ओढून ताटात टाकली की ती नुसती पोळी झाली. जमिनीतल्या वस्तूचंही तेच. ती कुठे सापडली हे कळलं नाही तर ती सोन्याची असली तरी आम्हाला मुकी.

माझं काम अकोल्याच्या बाजूला चालायचं. अकोटच्या पुढे, सातपुडा दिसायला लागतो त्या अंगाला एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांचा यात काही दोष नाही. गावाच्या उत्तरेला एक मोठं टेकाड होतं, त्याला सगळे पांढरी म्हणत. आमच्याकडे शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षं एकाच जागी मातीची घरं बांधली, पडली, त्यांच्यावरच पुन्हा बांधली, चुलींची राख पडत राहिली, की असं पांढुरकं टेकाड तयार होतं. वरून पाहिलं तर मातीचा ढीग. आत दोन हजार वर्षांचं नांदतं गाव, एकावर एक रचलेलं.

आता या मातीचा गुण असा की चोपली की ती पाणी आत येऊ देत नाही. गावातली घरं धाब्याची, म्हणजे सपाट छपराची. खाली सागाच्या कड्या, त्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, अंथरलेल्या आणि त्यावर वीतभर पांढरी माती चोपलेली. दर वर्षी पावसाआधी, रोहिण्या लागायच्या आत धाब्यावर ताजी माती टाकावी लागते, नाहीतर घर गळतं. ती माती आणायची टेकाडावरून. पणज्यापासूनची रीत. उरलेली माती शेतात खत म्हणून. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा निम्मं टेकाड असं गाड्यांतून गेलेलं होतं. दक्षिणेच्या अंगाला भाकरीचा तुकडा मोडावा तशी उभी कड दिसत होती आणि त्या कडेत भिंती, चुली, रांजणांची बुडं उघडी पडलेली. मी तिथे उभा राहिलो आणि मला रडू आलं, असं लिहायला आज मला लाज वाटत नाही.

टेकाड वाचवायचा एकच मार्ग होता. सरकारच्या खात्यानं ते संरक्षित म्हणून जाहीर करायचं. आणि खातं तसं तेव्हाच करणार होतं, जेव्हा मी तिथून डोळ्यांत भरेल असं काहीतरी काढून दाखवीन. चुली आणि खापरं सगळीकडेच निघतात. त्यामुळे माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. टेकाड संपायच्या आत काहीतरी निघालं पाहिजे.

यंत्रांचं विचारता, तर माझ्याकडे पातळी मोजायची एक दुर्बीण होती, ती इंजिनियरिंगच्या लोकांनी टाकून दिलेली. तिच्या काचेला तडा होता, त्यामुळे प्रत्येक उंची मधे दुभंगलेली दिसे. दुसरं यंत्र म्हणजे कॅमेरा. तो मिळवण्यासाठी मी प्रमुखांच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या की शेवटी कंटाळून त्यांनी सही केली. तिसरं विज्ञान तेव्हा नवं होतं. जळका कोळसा दूरच्या प्रयोगशाळेत पाठवला की त्याचं वय सांगत. मी फार जपून कोळसा काढला आणि आमचा मुकादम तुळशीराम याला नीट बांधून ठेव म्हणून सांगितलं. वऱ्हाडातला माणूस नाजूक वस्तू कशात गुंडाळणार? त्यानं आपल्या शेतातल्या कापसात गुंडाळला. दोन हजार वर्षांच्या कोळशाला यंदाच्या कापसाचे तंतू चिकटले आणि प्रयोगशाळेनं नमुना तपासायलाच नकार दिला. तुळशीराम म्हणाला, "एक नंबरचा कापूस होता, सायेब."

खापरांची पोती एस.टी.नं अकोल्यामार्गे अमरावतीला न्यावी लागत. कंडक्टरनं एकदा पोत्यात हात घालून पाहिलं आणि मला विचारलं, "फुटके गाडगे कायले नेऊन राहिले? सांगा तं मी घरून आणून देतो." सगळी गाडी हसली. मीही हसलो. त्या काळात मला हसू येत असे.

कामावर बहुतेक बायाच होत्या. त्यांच्यातली जनाबाई तायडे ही पुढारी म्हणावी अशी. तिशी-पस्तिशीची, उंच, आवाज खणखणीत. छप्पन साली तिच्या घरानं बौद्ध धर्म घेतला होता आणि घरात बुद्धाची एक तसबीर होती. मी एकदा बोलता बोलता सांगितलं की हे गाव नांदतं होतं त्या काळात या भागात बौद्ध भिक्षू हिंडत असत. तेव्हापासून ती रोज टोपलं उचलताना विचारायची, "सायेब, आमचं काही निंगालं का?" मी म्हणायचो, अजून नाही. ती म्हणायची, "निंगन. हातानंच काढीन मी." टेकाड राहावं असं माझ्याखेरीज मनापासून वाटणारं गावात एकच माणूस होतं, ते म्हणजे ती. मात्र तिच्याही धाब्यावर याच टेकाडाची माती होती, आणि त्यात तिला काही विसंगत वाटत नसे. घर गळतं तर माती टाकायचीच.

दुपारच्या भाकरीनंतर बाया अष्टचंग खेळत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जमिनीवर पाच घरं रुंद, पाच घरं लांब असा पट आखायचा, काही घरांवर फुल्या मारायच्या, चिंचोके एका बाजूनं घासून त्यांचे फासे करायचे आणि पडलेल्या दानाप्रमाणे सोंगट्या चालवायच्या. सोंगट्या म्हणून कुणी बांगडीचा तुकडा घेई, कुणी खडा. बहुतेकजणी टाकलेल्या ढिगातलं एखादं खापर उचलून दगडावर घासत आणि गोल करत. खेळ मातीच्या ढिगावर, बाभळीच्या सावलीत चाले. चरात, म्हणजे आम्ही खोदलेल्या खड्ड्यात कामाशिवाय उतरायचं नाही, असा माझा सक्त हुकूम होता. चराच्या तळाशी चोपलेली जुनी जमीन लागलेली होती, तिच्यावर मी स्वतः अनवाणी चालत असे. जोरानं कुणी पाऊल टाकलं तरी मी खेकसायचो. बाया मला घाबरत, आणि ते मला तेव्हा बरं वाटे.

फाल्गुन लागला तसं ऊन तापू लागलं. मधेच कॉलेजच्या परीक्षा आल्या आणि मला अमरावतीला बोलावणं आलं. निघायच्या दिवशी संध्याकाळी गडबडीत मी ती जुनी जमीन झाडून घेतली, तिरप्या उन्हात एक फोटो घेतला आणि एस.टी. पकडली. कॅमेऱ्यातला रोल अर्धा बाकी होता. रोल महाग, तो पुरता संपल्याशिवाय धुवायला देत नसत. मी कॅमेरा तसाच पेटीत बंद करून ठेवला.

परत आलो आणि चरात उतरलो, तर पूर्वेच्या कोपऱ्यात जमीन थोडी फुगल्यासारखी वाटली. वर चोपून बसलेल्या मातीचा पातळ थर होता. हा कोपरा मी पुरता साफ केला होता की नव्हता, ते मला नक्की आठवेना. कुंचला घेऊन बसलो. हळूहळू माती निघाली आणि खाली रेघा दिसू लागल्या. आडवी पाच घरं, उभी पाच घरं, काही घरांत फुल्या. आणि घरांत, मातीखाली दबलेल्या, खापराच्या गोल सोंगट्या.

त्या क्षणाचं सुख काय सांगू. आमच्या धंद्यात माणसाला असा क्षण जन्मात एकदा येतो, बऱ्याच जणांना येतच नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी डाव अर्धा टाकून उठलं होतं आणि तो तसाच पुरला गेला होता. खापराच्या गोल चकत्या मला आधीही सुट्या सापडल्या होत्या. आता त्यांचा अर्थ लागला. इथे खेळघर असलं पाहिजे, व्यापारी उतरत असले पाहिजेत, हे गाव साधंसुधं नव्हतं. मी ओरडलो, तशा सगळ्या बाया चराच्या काठाशी गोळा झाल्या. मी त्यांना म्हणालो, "हे पाहा, हे तुमचंच आहे. तुमच्याच खेळाचं आहे." त्या एकमेकींकडे पाहून तोंडाला पदर लावून हसल्या. मला वाटलं, लाजल्या. तुळशीराम मात्र घाम पुसत लांब उभा होता. मी पटाभोवती खुंट्या ठोकून दोरी बांधली, फोटोंवर फोटो काढले. रोल संपला. घाईत मी नवा भरला आणि तोच तेवढा धुऊन आणला. जुना रोल पेटीतच राहिला.

पुढचं सगळं फार भराभर झालं. खात्याचे एक मोठे अधिकारी जीप घेऊन आले, चरात उतरले, दोरीशी गुडघे टेकून बसले. उठले तेव्हा म्हणाले, "टेकाडाचं पाहतो मी. माती नेणं बंद होईल." त्या रात्री मी पोटभर जेवलो. अमरावतीत प्रमुखांनी मला पहिल्यांदा चहाला घरी बोलावलं आणि क्लबात रमीच्या टेबलावर माझी ओळख करून दिली. "आमचं यंदाचं उत्पादन," असं म्हणाले. सगळे हसले, कुणीतरी पानं पिसता पिसता मला शाबासकी दिली.

राजापेठेत वहाबभाईंचा फोटोचा स्टुडिओ होता. माझं सगळं काम त्यांच्याकडे. लग्नाच्या जोडप्यांत आणि बारशाच्या बाळांत माझे चुलींचे आणि खापरांचे फोटो ते मोठ्या प्रेमानं धूत असत. लेखासाठी चित्रं मोठी करून हवी होती म्हणून पेटी उपसताना तो जुना रोल हाताला लागला, तोही देऊन टाकला. चार दिवसांनी वहाबभाईंनी ओले फोटो माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, "प्रोफेसर साहब, ये एक बहोत साफ आया है. शाम की रोशनी का कमाल देखो. चींटी भी चले तो दिख जाए."

तो निघायच्या संध्याकाळी काढलेला फोटो होता. सबंध जमीन, पूर्वेच्या कोपऱ्यासकट. ऊन तिरपं होतं आणि तिरप्या उन्हात नखाचा ओरखडाही लपत नाही. कुंचल्याचे फराटेसुद्धा त्यात दिसत होते. त्या कोपऱ्यात एकही रेघ नव्हती. गुळगुळीत, झाडून ठेवलेली जमीन.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. वहाबभाईंनी विचारलं, "कुछ बिगड़ गया क्या?" मी म्हणालो, नाही, फोटो चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी मी गावात होतो. तुळशीराम मला पाहूनच सरकला. मी सरळ जनाबाईच्या दारात गेलो. ती ज्वारी निवडत होती. मी तिला फोटो दाखवला आणि विचारलं, "जनाबाई, खरं सांगा. तो पट कुणी आखला?"

तिनं फोटो लांब धरून पाहिला. मग म्हणाली, "आमीच आखला नं सायेब. तुमी गेल्यावर. वर ऊन लई तापून राह्यलं होतं, अन् खाली भिंतीच्या आडोशाले गार लागे. तुळशीराम म्हने, बसा, सायेब कोठी पाहून राहिले. मंग तुमी येऊन राहिले असं समजलं, तं त्याचं धाबं दणाणलं. त्यानं माती टाकली, पानी मारलं, चोपून टाकलं. सोंगट्या काढाले बी वेळ नाई भेटला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी रागावसान म्हनून भेलो होतो. पन तुमी तं खुश झाले. फोटू काढले. तुमचंच आहे म्हने. आमाले वाटलं सायेबाले आमचा डाव आवडला." फोटो परत देत ती म्हणाली, "मंग तुमी दोरी बांधली. आमाले खेळूच देल्लं नाई. तवा थोडा राग आल्ता, खोटं कायले सांगू."

मी ओट्यावर बसलो. तिला काय झालं ते हळूहळू कळत गेलं असावं, कारण तिनं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काहून सायेब? डाव आमचा निंगाला तं टेकाड जाईन का?" काय उत्तर द्यायचं? त्या एका पटामुळे आधीच्या सुट्या चकत्याही पुरावा म्हणून बाद झाल्या, कारण दोन हजार वर्षांपूर्वीचं खापर काल दुपारी दगडावर घासून गोल केलं की ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या सोंगटीसारखंच दिसतं. कोणती तेव्हाची, कोणती बाभळीखालची, हे सांगायला देवही खाली आला असता तरी त्याला जमलं नसतं.

मी प्रमुखांना सांगितलं. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा काढला, शांतपणे म्हणाले, "अहो, हा एक फोटो आला नसता तर?"

"पण आला."

"कुणी पाहिलाय?"

"मी पाहिलाय. फोटोवाल्यानं पाहिलाय."

"फोटोवाल्याला काय कळतंय. हे बघा, तुम्हाला ते टेकाड वाचवायचंय ना? मग वाचतंय की. खोदून काढा पुढच्या हंगामात, खाली खरं काहीतरी लागेलच. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?"

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं आज मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. तेव्हा मात्र आलं. मी म्हणालो, मला जमणार नाही, आणि अधिकाऱ्यांना सगळं जसंच्या तसं कळवलं. माझ्या मनात असं होतं की खरं सांगणाऱ्याचा शब्द माणसं जास्त मानतात. पट खोटा निघाला, पण टेकाड तर खरंच आहे, ते पाहायला हे अधिकारी पुन्हा येतील. इतका मी भाबडा होतो. ते आले नाहीत. क्लबात गोष्ट पोचली, आणि अमरावतीच्या प्रोफेसरांनी बायांचा अष्टचंग इसवी सनापूर्वीचा ठरवला म्हणून रमीची टेबलं हसली. विद्यार्थी मला पाठीमागे सोंगटीसर म्हणू लागले. मी टेकाडाविषयी पुन्हा पुन्हा कळवत राहिलो. माझं नाव पाहिलं की तिकडे लोक हसत असत, असं मला नंतर एकानं सांगितलं.

टेकाड खोट्या डावानं वाचणार होतं, ते मी खरं बोललो म्हणून गेलं. याचा मी किती प्रकारे विचार केला असेल. कोणत्याही बाजूनं धरला तरी तो टोचतोच.

पुढच्या उन्हाळ्यात गाड्या लागल्या. त्याच्या पुढच्याही. नवीन घरं झाली, धाबी वाढली. माझं कामावरचं मन उडालं ते उडालंच. खोदकामाची परवानगी मिळाली नाही आणि मीही मागायचं सोडलं. त्याच त्याच टिपणांवर शिकवत राहिलो. खापरांची पोती कॉलेजच्या जिमखान्यात हॉकीच्या काठ्यांशेजारी पडून होती. एका सुट्टीनंतर पाहिलं तर पोती नाहीत. नवं बॅडमिंटनचं मैदान झालं होतं आणि पाणी मुरायला खाली भर म्हणून ती खापरं घातली होती. शिपाई म्हणाला, "सर, कचरा समजून टाकून देल्ले." संध्याकाळी पोरं त्यावर खेळत होती, पांढरं फूल इकडून तिकडे जात होतं. मी कुंपणाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो. अहवाल कधीच लिहून झाला नाही. प्रमुख निवृत्त होताना भाषणात म्हणाले, विभागाचं उत्पादन समाधानकारक राहिलं.

मग बऱ्याच वर्षांनी, ते दशक संपता संपता, उन्हाळ्याच्या अखेरीस अकोटला कुणाच्या तरी लग्नाला गेलो होतो. पाय आपोआप तिकडे वळले. टेकाड नव्हतं. सपाट पांढुरका माळ, त्यावर बाभळी आणि शेणाच्या गोवऱ्या. मधोमध फक्त एक मातीचा खांब उभा होता, माझ्या छातीएवढा. तो माझा बंध. आम्ही खोदताना दोन चरांच्या मधे मातीची भिंत राखून ठेवतो, थर पाहता यावेत म्हणून. तिचं एक टोक कुणी तोडलं नव्हतं.

जनाबाईच्या घरी गेलो. ती ओळखीचं हसली. केस बरेच पांढरे झाले होते. धाब्याचं काम चाललं होतं, वर दोन-तीन माणसं, शिडी लावलेली, अंगणात पांढऱ्या मातीचा ओला गारा. चहा झाल्यावर ती आत गेली आणि कोनाड्यातून काहीतरी घेऊन आली.

"तुमच्यासाठीच ठेवलं होतं. मागच्या साली धाबं गळलं, तं मातीसंगं खाली पडलं. चुलीपाशी." तिनं तो फासा माझ्या तळहातावर ठेवला. "हे आमी नाई केलं, सायेब. असं आमाले येतच नाई."

खरंच येत नव्हतं. हाडाचा, हातानं कोरलेला, कडा वर्षानुवर्षं बोटांत फिरून गुळगुळीत झालेल्या. म्हणजे तिथे कुणीतरी खेळत होतं. माझा अंदाज बरोबर होता. मी चरात बसून जे शोधत होतो ते तिथेच कुठेतरी होतं, आणि ते गाडीत बसून तिच्या घरावर गेलं होतं. फासा हातात घेऊन मी वर पाहिलं. कड्या, पऱ्हाट्या, आणि त्यांच्यावर ते सगळं गाव, चोपून बसवलेलं. या घरावर, शेजारच्या घरावर, सबंध गावावर.

"आता मानतीन का ते लोकं?" जनाबाईनं विचारलं.

"नाही."

"काहून?"

"हा कुठे सापडला म्हणून विचारतील. काय सांगू? चुलीपाशी?"

तिला वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग पदरानं हात पुसत, जरा चाचरतच, ती म्हणाली, "सायेब, एक इचारू? तो तुमचा बंध. गाववाल्यायनं कोनी हात नाई लावला, सायेबाचा हाय म्हनून. मीच लावू नाई देल्ला. पन दुसरीकडं आता माती नाई उरली. अन् मागच्या अंगानं घर गळून राह्यलं. रोहिण्या तोंडावर आल्या. काढू का?"

ज्या मातीसाठी मी कुणापुढे हात जोडायचे बाकी ठेवले नव्हते, ती वाचवणं आता माझ्या एका शब्दावर होतं. आणि वाचवून तिचं मी करणार काय होतो? बाभळीत उभा राहिलेला एक खांब. त्याचे थर वाचायला मी येणार नव्हतो आणि दुसरंही कुणी येणार नव्हतं. तिनं मात्र तो इतकी वर्षं राखला होता.

"काढा," मी म्हणालो.

बंध पडायला फार वेळ लागला नाही. गाडी भरून अंगणात आली, मातीचा गारा झाला आणि टोपली शिडीनं वर जाऊ लागली. मी शिडीशी जाऊन उभा राहिलो आणि वर जाणाऱ्या प्रत्येक टोपल्यात हात घालून बोटांनी माती चाचपू लागलो. खापरं लागत होती, कोळशाचे कण लागत होते. दुसरं काही लागत नव्हतं. वरची माणसं खोळंबली, कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मी चाचपतच राहिलो. कोपरापर्यंत हात पांढरे झाले होते.

जनाबाई धाब्यावरून खाली वाकली.

"सायेब," ती हळूच म्हणाली, "हात काढा आता. माती वाळून राहिली."

मी हात काढला.